भुऱ्याचं पाणी ताटात वाढा

पत्र: ताई, नमस्कार. आमचा भुऱ्या साडेचार वर्षांचा बोका आहे, ऑपरेशन झालेला, वजन ५ किलो. तो वाटीतलं पाणी पीतच नाही. स्टीलची वाटी झाली, काचेची झाली, शेवटी १,८०० रुपयांचं कारंज्याचं भांडं ऑनलाइन मागवलं, तर तो त्याच्याकडे पाठ करून बसतो. पण बाथरूमच्या बादलीत तोंड घालतो आणि कूलरच्या टाकीखाली ठिबकणारं पाणी चाटतो. खाण्यात फक्त दुकानातलं कोरडं खाणं, दिवसाला साधारण ६० ग्रॅम. सासूबाई सकाळी दूध-पोळी देतात, ते मात्र आवडीनं खातो. इथे नागपुरात ऊन आताच ४४ अंशांवर गेलंय, पुढे नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, आहे. भीती वाटून गेल्या आठवड्यात सिरिंजनं पाणी पाजलं, तेव्हापासून मला पाहिलं की पलंगाखाली जातो. आम्ही शाकाहारी आहोत, घरात चिकन शिजत नाही. तो पाणी प्यावा म्हणून काय करू? आरओचं द्यावं की नळाचं? आणि दूध पाण्यात धरायचं का? शिवाय जूनमध्ये आठ दिवस गावाला जायचं आहे, शेजारची मुलगी येऊन बघेल, तिला काय सांगू?
— भुऱ्याची आई, नागपूर

उत्तर:

भुऱ्याच्या आई, आधी ती सिरिंज औषधाच्या डब्यात ठेवून द्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाहेर काढायची नाही. धडपडणाऱ्या मांजराच्या तोंडात पाणी सोडलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि फुप्फुसाचं दुखणं मागे लागतं. इतकं करून पोटात जातं किती, तर पाच-दहा मिलिलिटर. तेवढ्यासाठी तुमचं-त्याचं नातं पलंगाखाली गेलं. आठवडाभर त्याच्यासमोर पाण्याचा विषयच काढू नका. वाटी पुढे सरकवणं नाही, "पी ना रे राजा" नाही, मागे उभं राहून बघणंही नाही.

तुमचा बोका हट्टी नाही, त्याचं घराणंच तसं आहे. आपली पाळीव मांजरं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या भागातल्या रानमांजरांपासून आली. तिथे पाणवठ्यावर जायची गरज फारशी पडत नसे, कारण उंदीर किंवा पाखरू खाल्लं की त्यातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी मिळायचं. मूत्रपिंडंही अशी घडली की थोड्या पाण्यात, घट्ट लघवी करून काम भागावं. तहान लागते, पण आपल्यापेक्षा उशिरा आणि कमी. हा सगळा कारभार ओल्या शिकारीवर बेतलेला आहे, आणि आपण त्याच्यापुढे ठेवतो कोरडे दाणे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता जरा हिशोब मांडू. मांजराला रोज किलोमागे साधारण ४० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, आणि त्यात खाण्यातलं पाणीही धरायचं असतं. म्हणजे भुऱ्याला ढोबळमानानं २५० मिलिलिटर, आपल्या स्टीलच्या मोठ्या पेल्याएवढं. कोरड्या खाण्यात पाणी असतं जेमतेम दहा टक्के, म्हणजे ६० ग्रॅममधून सहा मिलिलिटरसुद्धा नाही. बाकीचं सगळं त्यानं जिभेनं चाटून भरून काढायचं. ते चाटणं कसं असतं याचा अभ्यास झालेला आहे. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असलेले शास्त्रज्ञ रोमन स्टॉकर सकाळी आपल्या मांजराला पाणी पिताना बघत बसले होते, आणि त्यातून २०१० साली त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. मांजर जिभेचा पळा करत नाही. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतं, चटकन वर ओढतं, त्याबरोबर पाण्याचा बारीक खांब वर उचलला जातो आणि तो खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला जवळजवळ चार वेळा. मोठं देखणं तंत्र आहे, पण एका वेळी पोटात जातं मिलिलिटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडंसंच जास्त. दीडशे-दोनशे मिलिलिटर प्यायचं तर हजाराच्या वर वेळा जीभ चालवावी लागेल. भुऱ्या तेवढी मेहनत करणार नाही. माझ्याकडच्या चार मांजरांतल्या एकानंही कधी केली नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की पाणी पाजायच्या मागे लागू नका, ते जेवणात वाढा. वाटी, कारंजं, जागा हे सगळं नंतरचं. काय बदलायचं असेल ते आधी ताटात बदला.

बाजारात ८०-८५ ग्रॅमचे ओल्या खाण्याचे पाउच मिळतात. एकात ६५ मिलिलिटरच्या आसपास पाणी असतं. दिवसाला एक पाउच, अर्धा सकाळी आणि अर्धा रात्री, आणि दर वेळी त्यात एक मोठा चमचा कोमट पाणी कालवायचं. हे झाले ९५. एक पाउच वाढवलात तर कोरडं खाणं २० ग्रॅमनं कमी करा, नाहीतर पाण्याबरोबर पोटही वाढेल आणि ५ किलोचा बोका आणखी जड व्हायला नको. उरलेल्या ४० ग्रॅम दाण्यांवर तेवढंच कोमट पाणी ओता. झाले १३५ ते १४०. अर्धंअधिक काम वाटीला हात न लावता उरकलं. राहिलेलं शंभर-एक मिलिलिटर तो बादलीतून, कूलरखालून पितोच आहे, ते तुम्हीच लिहिलंय.

खर्च आहे, हे मला माहीत आहे. रोजचा एक पाउच म्हणजे महिन्याला हजार-पंधराशे रुपये जास्तीचे. ते झेपत नसेल तर नुसते दाणे भिजवा, तेही चालेल. काही मांजरांना लगदा झालेले दाणे आवडत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी अगदी वाढताना ओतायचं, म्हणजे दाणे कुरकुरीत राहून पाण्यात तरंगतात आणि दाणे टिपता टिपता पाणी आपोआप चाटलं जातं. फक्त नागपूरच्या उन्हात ओलं खाणं तासाभराच्या वर उघडं ठेवू नका. उरलं तर टाका. उघडलेला पाउच झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढताना त्यात थोडं गरम पाणी घाला. फ्रिजमधलं थंडगार खाणं बहुतेक मांजरं हुंगून सोडून देतात, वास उठला की खातात.

शाकाहारी घराची अडचण मी समजू शकते. माझ्या आईच्या घरी मांजराची ताटली, चमचा आणि कात्री गॅलरीतल्या एका डब्यात असायची आणि धुणंही तिथल्याच नळाखाली. पाउच शिजवावा लागत नाही, कातरला की झालं. सासूबाईंच्या ओट्याला त्याचा स्पर्शही होणार नाही. कोणी चिकनचं सूप सुचवलं आणि एखादी शेजारीण करून द्यायला तयार असेल तर तिला बजावून सांगा, कांदा नाही, लसूण नाही, मीठ-मसाला नाही. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवून गाळलेल्या रश्श्यातूनसुद्धा. नुसतं पाण्यात उकडलेल्या चिकनचं निवळ पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून रोज एक तुकडा वाढता येतो. पण ते सूप म्हणजे जेवण नव्हे. पाउच घेतानाही तो पूर्ण आहाराचा आहे की नुसताच खाऊ आहे, ते पाकिटावर वाचून घ्या.

आता एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहिल्यासारखी वाचा. "उपाशी राहिला की झक मारत खाईल" हा नियम मांजराला लावायचा नाही. मांजरानं, विशेषतः जाड मांजरानं, दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेततं. म्हणून बदल हळूहळू करा. पहिल्या दिवशी नेहमीच्या दाण्यांवर एक छोटा चमचा पाणी. तीन-चार दिवस तो काही बोलला नाही तर दोन चमचे. पाउच वेगळ्या ताटलीत नखाएवढा ठेवा. त्यानं हुंगला, पुरतो तसा पंजा जमिनीवर घासला आणि निघून गेला, तर गेला. दुसऱ्या दिवशी परत ठेवा. माझ्या एका मांजरीला पाउच आवडायला तीन आठवडे लागले आणि चौथ्या आठवड्यात ती फ्रिज उघडल्याचा आवाज ऐकून धावत यायला लागली.

दुधाबद्दल. सासूबाईंचं मन दुखवू नका, पण दूध पाण्यात धरू नका. पिल्लूपण संपलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. पचली नाही की जुलाब होतात आणि होतं तेही पाणी अंगातून जातं. पोळीत त्याच्या कामाचं काहीच नसतं, नुसतं पोट भरतं. भुऱ्याची शी व्यवस्थित असेल तर माझा तह असा. सासूबाईंनी अर्ध्या वाटी पाण्यात एक छोटा चमचा दूध टाकून त्याला द्यावं, पोळी न चुरता. वास दुधाचा, माल पाण्याचा, आणि सकाळचा त्यांचा हक्कही शाबूत. हे काम त्यांच्याकडेच ठेवा. सध्या तुमच्या हातून तो काही घेणार नाही, त्यांच्या हातून घेईल.

राहिली वाटी. तो पाणी पितो, फक्त तुम्ही ठेवता तिथलं पीत नाही. मग जिथे पितो तिथे जाऊन बघा की त्याला काय आवडलंय. बादली रुंद असते आणि काठोकाठ भरलेली असते. मांजराला नाकासमोरच्या वीतभर अंतरातलं नीट दिसत नाही, म्हणून अर्ध्या वाटीत पाणी नेमकं कुठे आहे ते कळायला त्याला पंजा बुडवावा लागतो. बादलीत ती भानगड नाही. कूलरखालचं पाणी गार असतं, वाळ्याचा वास असतो, थेंब पडताना दिसतो आणि ऐकू येतो. यातलं कुठलं कारण भुऱ्याला पटलंय ते मला इथे बसून सांगता येणार नाही, पण दोन्हींची नक्कल करणं सोपं आहे. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा. माठ खाली येतात त्या काळात ते कुठेही मिळतं. दोन दिवस पाण्यात मुरवा आणि कूलरजवळ, पण वायरीपासून लांब, काठोकाठ भरून ठेवा. मातीतून पाणी झिरपून उडतं म्हणून ते गार राहतं. मात्र मातीला शेवाळ लवकर धरतं, दर दोन दिवसांनी काथ्यानं घासून उन्हात वाळवावं लागेल. म्हणून परळं दोन आणा. दुसरं एक रुंद भांडं बाथरूमच्या दाराशी ठेवा, तिसरं तो दुपारी झोपतो तिथे. जेवणाच्या ताटलीला खेटून नको आणि रेतीच्या डब्याजवळ तर नकोच. भांडी धुताना एक बघा. आपले साबण बहुतेक लिंबाच्या वासाचे असतात आणि मांजरांना तो वास सहसा सोसत नाही. पाणी चांगलं असूनही तो तोंड लावत नसेल तर कारण तिथेही असू शकतं. धुतलेलं भांडं तुम्हीच एकदा हुंगून बघा.

बादली आणि कूलर या दोन्ही जागा मात्र बंद कराव्या लागतील. बाथरूमच्या बादलीत कधी साबण, कधी फिनाइल. फिनाइलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निर्विष करता येत नाहीत, आपल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेतच त्याला बाधतात. फिनाइलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी त्रास होतो. कूलरच्या टाकीत कोणी डासांसाठी रॉकेल टाकतं, कोणी औषध. तुम्ही टाकत नसाल, पण शिळं पाणी आणि उघडी वायर तर आहेच. टाकीला जाळी लावा. जाता जाता, पुष्पगुच्छातली मोठ्या पाकळ्यांची लिली कोणी आणली तर फुलदाणी घरात ठेवूच नका. तिचे पराग, पानं, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं बंद पाडतं. आपला निशिगंध त्यातला नाही, त्याला घाबरू नका.

आरओ की नळाचं? जे पितो ते. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून सकाळी भरा. याच्यापुढे डोकं चालवण्यासारखं त्यात काही नाही. आणि ते १,८०० रुपयांचं कारंजं? काही मांजरं त्याच्यावर जीव टाकतात, काही ढुंकून बघत नाहीत. ते बंद करून, नुसतं भरून आठवडाभर ठेवा. मोटारीच्या घुर्रघुर्र आवाजाला तो बिचकत असेल तर तेवढ्यानं कळेल. नसेलच चालत, तर कोणाला तरी देऊन टाका.

आता ज्यासाठी मी हे पत्र इतक्या पत्रांतून निवडलं ते लिहिते. ऑपरेशन झालेला बोका, घरातच राहणारा, अंगानं भरलेला, फक्त कोरडं खाणारा, ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याच्या वाटेवर असतात. बोक्याची मूत्रनळी अतिशय अरुंद असते. लघवीतले खडे, रेतीसारखे स्फटिक किंवा चिकट बुचासारखा घट्ट पदार्थ तिच्यात अडकला की लघवी बंद होते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत मांजर जातं. माझा गणू असाच जाता जाता वाचला. तो सारखा रेतीच्या डब्यात जाऊन कुंथत बसायचा आणि मी, तेव्हा पंधरा वर्षं मांजरं पाळलेली बाई, ठरवून टाकलं की याला मलावरोध झालाय. चमचाभर एरंडेल पाजलं आणि झोपले. पहाटे तो ओकला आणि पोटाला हात लावला तर ओरडला. मूत्राशय लिंबाएवढं टणक लागत होतं. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, तीन दिवस तिथेच राहिला. ती एक रात्र मी वाया घालवली नसती तर एवढं वाढलं नसतं.

त्यामुळे भुऱ्या पुन्हा पुन्हा डब्यात जातोय आणि रेती कोरडीच आहे, लघवीची जागा सारखी चाटतोय, कुंथताना ओरडतोय, भलत्याच जागी थेंब-थेंब करतोय किंवा लघवीत रक्त दिसतंय, तर सकाळची वाट बघायची नाही. घरी पोट दाबायचं नाही, जास्त पाणी पाजून "मोकळं" करायला जायचं नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे ते आजच शोधून फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि याच्या उलट, न पिणारा बोका एखाद्या महिन्यात अचानक भांडी रिकामी करायला लागला तर खूश होऊ नका. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह यांची सुरुवात अशीही होते, रक्त तपासून घ्या.

म्हणून वाटीतलं पाणी किती कमी झालं ते मोजत बसू नका. नागपूरच्या हवेत अर्धं तर उडूनच जातं. मोजायचंच असेल तर शेजारी तसंच दुसरं भांडं त्याला पोहोचणार नाही असं झाकणाची जाळी घालून ठेवा आणि त्यात किती घटलं ते वजा करा. त्यापेक्षा रेती बघा. गोळे होणारी रेती वापरत असाल तर दिवसाला दोन ते चार लघवीचे गोळे यायला हवेत. ओलं खाणं सुरू झालं की ते आठवड्याभरात मोठे होतील आणि लघवीचा वासही थोडा सौम्य होईल. हिरड्यांना बोट लावून बघायची सवय करा. त्या ओलसर, बुळबुळीत लागल्या पाहिजेत, चिकट कोरड्या लागल्या तर डॉक्टर. मानेची कातडी चिमटीत धरून सोडण्याची चाचणी लोक सांगतात, पण जाड आणि म्हाताऱ्या मांजरात ती फसवते.

जूनमधल्या आठ दिवसांसाठी शेजारच्या मुलीला दोन वेळा यायला सांगा, एक वेळ पुरणार नाही. नवं काही त्या आठवड्यात सुरू करू नका, जे तोपर्यंत अंगवळणी पडलं असेल तेच चालू ठेवा. पाउच तिला उघडायला जमत नसेल तर भिजवलेले दाणे पुरेत. ती उत्साहानं रोज भुऱ्याचे फोटो पाठवेलच. तिला सांगा, त्याचा एक पाठव आणि साफ करायच्या आधी रेतीच्या डब्याचा एक पाठव.